बोर्दोवर सूट: किती टक्के ते नंतर, आधी बाटलीमागचं स्टिकर वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका वाईन शॉपमध्ये तीन बोर्दो वाईन (फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशातल्या) सवलतीत लागल्या आहेत. पहिली 2017 ची, म्हणजे त्या वर्षीच्या द्राक्षांची, साधी रेड, लेबलवर प्रदेश म्हणून नुसतं 'बोर्दो', एमआरपी 2,900, आता 1,600. दुसरी 2019 ची, बोर्दोतल्याच ओ-मेडॉक भागातली क्रू बुर्ज्वा (मधल्या दर्जाची एक श्रेणी), 5,200 ची 3,400 ला. तिसरी 2020 ची व्हाइट, 2,700 ची निम्म्या किमतीत. सहाची पेटी घेतली तर आणखी थोडे कमी करू, असं दुकानदार म्हणतो. घ्यावी का?

दुसरी घ्या, पण आधी एकच बाटली. पहिली पेटीने घेऊ नका, हौस म्हणून एखादी घ्यायची तर घ्या. तिसरी सोडून द्या. आता कारणं.

आधी पैशांचा हिशेब, कारण सवलतीचा टक्का हा एमआरपीवर असतो आणि आयात वाईनच्या एमआरपीत वाईन फार थोडी असते. साधी बोर्दो बंदरात विमा-भाड्यासह साडेचार युरोला पडली असं धरा. हिशेब सोपा व्हावा म्हणून युरो शंभर रुपयांचा मानू. झाले 450 रुपये. बाटलीबंद वाईनवर सीमाशुल्क आणि कृषी अधिभार मिळून 150 टक्के लागत आले आहेत, म्हणजे 675. न्हावा शेवातून बाहेर पडेपर्यंत बाटली 1,125 ला गेली. त्यावर गोदामभाडं, लेबल नोंदणी, राज्याची शुल्कं, व्हॅट, आयातदार, वितरक आणि दुकानदार. एमआरपी 2,500 ते 2,900 सहज होते. हीच बाटली फ्रान्समधल्या सुपरमार्केटात सहा-सात युरोला मिळते. थोडक्यात, 2,900 चा आकडा बघून 'भारी वाईन स्वस्तात मिळतेय' असं मनात आणू नका. ती तिथली रोजच्या जेवणाची वाईन आहे.

म्हणून सवलतीचा टक्का बाजूला ठेवा आणि एकच तुलना करा: सवलतीनंतरची किंमत परदेशातल्या किरकोळ किमतीच्या किती पट आहे? फोनवर नाव आणि वर्ष टाकलं की युरोपातल्या दुकानांचे भाव दिसतात. इथे तीन ते साडेचार पट ही पूर्ण एमआरपीची नेहमीची पातळी. अडीच पटीच्या आत आलं तर भाव चांगला. दोन पटीच्या आत आलं तर विकणाऱ्याच्या हातात जवळपास काही उरत नाही, त्याला माल मोकळा करायचाय. आणि दीड पटीच्याही खाली आलं तर हरखून जायच्या आधी थांबा. तिथे शुल्क भरून आलेला खर्चसुद्धा निघत नाही. मग एकतर वाईनमध्ये काहीतरी बिघडलंय, किंवा ती सरळ मार्गाने आलेली नाही. मागे आयातदाराचं स्टिकर नसेल तर विषयच संपला, तशी बाटली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

तुमची पहिली वाईन साडेसहा युरोची धरली तर 1,600 म्हणजे अडीच पट. दुसरी बाहेर सतरा-अठरा युरोच्या आसपास मिळत असेल तर 3,400 म्हणजे दोन पटींहून कमी. टक्क्यांत पाहिलं तर पहिलीवर 45 आणि दुसरीवर 35 टक्के सूट आहे, प्रत्यक्षात सौदा दुसरीचा आहे. महाग बाटलीवर भाडं, लेबल, हाताळणी यांचा बोजा प्रमाणात कमी पडतो, म्हणून मधल्या किमतीच्या वाईनमध्ये तुमच्या पैशातला जास्त हिस्सा खरोखर वाईनवर जातो.

एक अडचण येते. काही नावं शोधून बाहेर कुठेच सापडत नाहीत. बोर्दोत हजारो शातो (वाईन बनवणारे मळे) आहेत, शिवाय व्यापारी घराणी एखाद्या देशापुरतं, एखाद्या आयातदारापुरतं वेगळं लेबल करून देतात. आत साधी ठोक वाईन, बाहेर वाड्याचं चित्र. असल्या लेबलची एमआरपी वर ठेवून वर्षभर 'चाळीस टक्के सूट' चालवता येते, कारण तुलना करायला दुसरा भावच नसतो. नाव बाहेर सापडत नसेल तर ती वाईन साध्यातली साधी समजून किंमत ठरवा.

बोर्दो खरोखर स्वस्त झाली आहे का? हो, आणि त्यामुळेच हा विषय अवघड होतो, कारण खरी स्वस्ताई आणि पडून राहिलेला माल शेल्फवर शेजारी शेजारी उभे असतात. फ्रान्समध्ये रेड वाईन पिणं कमी होत चाललंय, चीनची मागणी बसली, आणि पिकवणारे तेवढेच राहिले. 2023 मध्ये फ्रेंच सरकारने बोर्दोतल्या शेतकऱ्यांना वेली उपटण्यासाठी हेक्टरी 6,000 युरो द्यायचं ठरवलं. तिथे ठोक वाईन 900 लिटरच्या मापाने विकली जाते. त्या मापाच्या बाराशे बाटल्या होतात. साध्या रेडचा भाव मापाला हजार युरोच्या आसपास आणि त्याखालीही गेलेला आहे, म्हणजे बाटलीभर वाईनचे एक युरोही नाहीत. उरलेले पैसे काच, बूच, लेबल, वाहतूक आणि कर. स्वस्त बोर्दोत सूट कितीही मोठी असली तरी आतली वस्तू तेवढीच साधी राहते, ती याचमुळे.

आता वय. 'वाईन जुनी तेवढी चांगली' हे साध्या बोर्दोला लागू नाही. नुसतं बोर्दो किंवा बोर्दो सुपेरियर लिहिलेली रेड हंगामापासून तीन ते पाच वर्षांत प्यायची असते. त्यानंतर ती लगेच खराब होत नाही, पण फळ ओसरतं आणि आंबट-तुरट सांगाडा उरतो. 2017 मध्ये एप्रिलच्या शेवटी दहिवर पडून बोर्दोतल्या पुष्कळ बागा जळाल्या, ज्या वाचल्या त्यांच्या वाईन ठीक, पण हलक्या. त्यातली साधी रेड आज तिची मुदत संपवून बसली आहे. 1,600 भाव वाजवी, वाईन उतरलेली. त्याच पैशात अकलूजकडच्या फ्रातेल्ली वायनरीची किंवा नाशिकची एखादी बरी रिझर्व्ह रेड घेतलीत तर ताजं फळ मिळेल. इम्पोर्टेड शब्दाचा मोह सोडला तर या किमतीत हेच शहाणपणाचं आहे.

क्रू बुर्ज्वा, ओ-मेडॉक, फ्राँसाक, लालांद-द-पोमरॉल, कास्तियाँ, सेंट-एमिलियनच्या बऱ्या शातो, या मधल्या थरातल्या वाईन पाच ते दहा-बारा वर्षं नीट चालतात. 2018, 2019 आणि 2020 हे सलग तीन चांगले हंगाम, 2022 उष्ण, कोरडा आणि दमदार. 2015, 2016 पण उत्तम होते, फक्त आता मधल्या थराच्या वरचंच घ्या. 2013 सवलतीत दिसली तर हात लावू नका, थंड-ओल्या हवेने तो हंगाम पार गेला होता. 2021 मध्येही दहिवर आणि बुरशीने त्रास दिला, त्या वाईन सडपातळ आहेत. त्या लवकर प्यायला वाईट नाहीत, पण ठेवायला घेऊ नका. साधी व्हाइट दोन-तीन वर्षांची सोबतीण. 2020 ची, बोर्दोतल्याच आँत्र-द-मेर भागातली किंवा साधी बोर्दो व्हाइट आता निम्म्या नव्हे, पाव किमतीतही नको. लिंबाचा ताजेपणा गेलेला असतो आणि वास ओल्या सफरचंदाच्या सालीकडे झुकलेला असतो. सोतेर्नसारखी गोड व्हाइट मात्र वेगळी जात, ती वीस वर्षंही टिकते. तशी सवलतीत दिसली तर वर्षाची काळजी करू नका.

वय हे अर्धं उत्तर झालं. ठाणे-नवी मुंबईत उरलेलं अर्धं उष्णतेकडे आहे, आणि ते बाटलीच्या मागच्या स्टिकरवर बरंचसं लिहिलेलं असतं. आयातदाराच्या नावाखाली बहुधा आयातीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. पुढच्या लेबलवरच्या द्राक्षांच्या वर्षापेक्षा हा आकडा मला जास्त सांगतो. तुमच्या 2019 च्या बाटलीवर 'नोव्हेंबर 2024' असेल तर तिने पाच वर्षं फ्रान्सच्या थंड तळघरात किंवा व्यापाऱ्याच्या गोदामात काढली आणि हिवाळ्यात इथे उतरली. उत्तम. त्याच बाटलीवर 'मे 2022' असेल तर ती भर उन्हाळ्यात न्हावा शेवाला आली आणि तेव्हापासून प्रत्येक एप्रिल-मे तिने भिवंडी, पनवेल, उरण, कुठल्या तरी गोदामात आणि मग दुकानात काढलाय. दोन्ही बाटल्यांचं लेबल एक, वर्ष एक, सूट एक. आतली वाईन एक नाही.

वाईन 12-14 अंशांत सुखाने राहते, 18-20 पर्यंत चालतं. पंचविशीच्या वर ती भराभर म्हातारी होते आणि तिशीच्या वर काही आठवडे राहिली की शिजते. थंड न केलेला कंटेनर बंदराच्या यार्डात उन्हात उभा राहिला तर आतलं तापमान पन्नाशीकडे जातं. 2023 च्या अखेरीपासून लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजांमुळे तर प्रवासही लांबला. आयातदाराने थंड कंटेनर वापरला की नाही हे दुकानदाराला बहुधा ठाऊक नसतं, तरी विचारायला हरकत नाही. उत्तरापेक्षा उत्तर देण्याची पद्धत उपयोगी पडते.

दुकानात बाटली हातात घ्या आणि इतकं बघा. वरच्या टोपीवर अंगठा फिरवा. बूच मानेच्या काठाशी सपाट किंवा किंचित आत बसलेलं हवं. फुगून वर आलेलं जाणवलं तर वाईन तापून प्रसरण पावली आणि तिने बूच ढकललं. टोपीच्या खालच्या कडेशी चिकट, काळसर ओघळ दिसतोय का बघा, लेबलच्या वरच्या काठावर डाग आहे का बघा. टोपी हलक्या हाताने फिरवून पाहा. सहज फिरली तर चांगली खूण. घट्ट बसवलेली असेल तर फिरणार नाही, त्यात दोष नाही, पण खाली गळून वाळलेल्या वाईनने चिकटली असेल तर दोष आहे, आणि हे दोन्ही बोटाला वेगळे कळतात. मग पातळी. पाच-सात वर्षांच्या बोर्दोत वाईन मानेत, टोपीच्या कडेजवळच असायला हवी. एकटी बाटली पाहून अंदाज येत नसेल तर त्याच खोक्यातल्या तीन-चार शेजारी उभ्या करा. जी इतरांपेक्षा सेंटिमीटरभर खाली आहे तिच्यात बुचातून हवा शिरली आहे, ती नको. शेवटी फोनचा टॉर्च मानेमागे धरा. काच गडद असते, पण मानेत वाईनचा थर पातळ असल्याने रंग कळतो. 2019 ची रेड लालबुंद ते डाळिंबी दिसावी. विटकरी-तपकिरी झाली असेल तर ती वयाच्या पुढे धावली आहे. तळाशी गाळ असेल तर घाबरू नका, मधल्या-वरच्या थराच्या वाईनमध्ये तो साहजिक आहे.

भाजी-किराण्यातली एक सवय इथे उलटते. आपण दुकानदाराला म्हणतो, 'समोरचा नको, मागचा बंद खोक्यातला दे.' वाईन शॉपमध्ये मागचं खोकं पुष्कळदा पोटमाळ्यावर असतं, वर पत्रा, एसी नाही. शोरूमचा एसी निदान दिवसभर चालतो. त्यामुळे खोकं कुठून काढलं जातंय हे डोळ्याने बघा. पोटमाळ्यावरून उतरलं तर शेल्फवरची बाटलीच मागा, फक्त ती काचेच्या दाराशी उन्हात किंवा दिव्याच्या झोताखाली उभी नसावी. पारदर्शक काचेतली व्हाइट आणि रोझे तर उजेडानेच बिघडते.

लेबलवरच्या शब्दांनी फसू नका. 'ग्राँ व्हँ द बोर्दो' (बोर्दोची थोर वाईन) हे कुणीही छापू शकतं, त्यातून दर्जाची हमी मिळत नाही. 'सेंट-एमिलियन ग्राँ क्रू' ही तिथल्या नियमांतली मोठी, सर्वसाधारण गटवारी आहे. खरी निवडक यादी 'ग्राँ क्रू क्लासे', आणि ती साधारण दर दहा वर्षांनी फेरतपासली जाते, शेवटची 2022 ची. मेडॉकमधल्या शातोंची श्रेणी ठरवणारी 1855 ची यादी मात्र जवळपास तशीच आहे, 1973 मध्ये मूतों रॉथशील्ड हे शातो वरच्या श्रेणीत गेलं एवढाच मोठा बदल. बाटली शातोतच भरली असल्याचा उल्लेख असेल तर ते साध्या थरात थोडं आश्वासक, व्यापाऱ्याने भरली असेल तर लगेच वाईट असंही नाही. सोन्याच्या पदकाच्या चकत्यांकडे दुर्लक्ष करा, स्पर्धेला आलेल्या नमुन्यांपैकी जवळपास तिसऱ्या हिश्शाला पदक देता येतं. आणि शेल्फवर चिकटवलेली, समीक्षकाने दिलेल्या '92 गुण' ची चिठ्ठी कुठल्या वर्षाची आहे ते वाचा. 2016 चे गुण 2017 च्या बाटलीखाली दिसणं अजिबात दुर्मीळ नाही.

सूट का लागली हे सरळ विचारा. आर्थिक वर्ष संपताना आयातदार न उठणारं लेबल बंद करतो, नवं वर्ष आलं म्हणून जुनं काढून टाकायचं असतं, हॉटेलसाठी आणलेला माल उरतो. ही सगळी कारणं चांगली. 'एक्स्पायरी जवळ आली' असं कुणी म्हणालं तर लक्ष देऊ नका. दहा टक्क्यांवर मद्यार्क असलेल्या पेयाला तशी तारीख छापावीच लागत नाही.

आता एक बाटली घरी आली. तिची चाचणी नीट करा, कारण पाच बाटल्यांचे पैसे तिच्यावर ठरणार आहेत. फ्रीजमध्ये दीड-दोन तास ठेवा, म्हणजे ती 16-18 अंशांवर येईल. आपल्याकडच्या 30 अंशांच्या 'रूम टेम्परेचर'ला प्यालात तर चांगली बोर्दोही नुसती दारूसारखी लागते. बूच काढलं की ते आधी बघा. वाईनचा डाग फक्त तळाला हवा. उभी रेघ वरपर्यंत गेली असेल तर गळती झाली आहे. मग वास. ओला पुठ्ठा, दमट वर्तमानपत्र आलं तर बुचाचा दोष. तो पेटीतल्या एखाद्याच बाटलीत असू शकतो, त्यावरून पेटी नाकारू नका, दुसरी उघडून बघा. पण मुरंबा, उकडलेल्या मनुका, काकवी असा वास आणि चवीला मागे नुसता आंबटपणा असेल तर ती शिजलेली आहे, आणि त्याच खोक्यातल्या बाकीच्याही तशाच निघणार. ब्लॅककरंटचा, देवदाराचा, थोडा तंबाखूचा वास आणि दाताला लागणारा तरी मऊ तुरटपणा असेल तर ओ-मेडॉक जागेवर आहे.

अर्ध्याच बाटलीवर थांबा. बूच परत लावून उरलेली फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी चाखा. दुसऱ्या दिवशीही फळ शाबूत असेल तर पेटीला अजून दोन-तीन वर्षं आहेत. सपाट झाली असेल तर वाईन आज छान आहे पण काठावर आहे: दोन-तीन बाटल्या घ्या, पेटी नको. चाचणीच्या दिवशी समोर तिखट रस्सा ठेवू नका. मिरचीबरोबर तुरटपणा दुप्पट लागतो आणि वाईनवर उगाच ठपका येतो. कमी तिखट भाजलेलं मटण, खिमा किंवा नुसतं चीज चालेल. सुरमई-पापलेटला बोर्दोची रेड कधीच नको, धातूसारखी चव येते.

पेटी घेतलीत तर घरचा उन्हाळाही मोजा. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचं कपाट एप्रिलमध्ये तिशीपार जातं. वाईन फ्रीज असेल तर 13 अंशांवर आडव्या ठेवा. नसेल तर दिवाळीला घेतलेली पेटी होळीच्या आत संपवा, किंवा उरलेल्या दोन-तीन साध्या फ्रीजच्या तळाच्या कप्प्यात टाका. काही महिने तिथे काही बिघडत नाही, कपाटापेक्षा ते खूपच बरं.

परवाना नसेल तर वर्षाचा काढून ठेवा, राज्यात वाईन पिण्यासाठीही तो लागतो आणि वय 21 पूर्ण हवं. बिल घ्या. विकलेली बाटली परत घ्यायला दुकानदार सहसा राजी नसतो, त्यामुळे पेटी घेतानाच बोलून ठेवा की एखादी गळकी निघाली तर बदलून देणार का.

पेटी उचलायला जाल तेव्हा सहाही बाटल्यांची स्टिकरं वाचा. सवलतीच्या मालात वेगवेगळ्या खेपा एका खोक्यात भरल्या जातात. तुम्ही चाखलेली नोव्हेंबरची आणि खोक्यातल्या चार मे महिन्याच्या, असं निघालं तर त्या चार तिथेच परत ठेवा.